कुंकू लावलेला खांब

मुलांनो, सरळ बसा. पाठीला पोक काढून खांबाची गोष्ट ऐकायची नसते.

मी एक जुना सागवानी खांब आहे. बारामतीच्या पेठेत गुळाच्या एका वखारीवर माडी आहे. त्या माडीचा भार मी तीन पिढ्यांहून अधिक काळ डोक्यावर घेतला. भार घेणाऱ्याची विचारपूस सहसा होत नाही. छप्पर जागच्या जागी असले की माणसांना वाटते, ते आपले आपण राहिले आहे. म्हणून आज मी बोलणार आहे आणि तुम्ही ऐकणार आहात. माझ्या कहाणीत घाव पुष्कळ आहेत. तुमच्यापैकी कुणाचे मन हळवे असेल तर त्यानेही उठून जाऊ नये. लाकडाने जे सोसले, ते माणसाच्या लेकरांना निदान ऐकता आले पाहिजे.

माझा जन्म भोरच्या पलीकडे, सह्याद्रीच्या उतारावर झाला. तिथे मी झाड होतो आणि मला झाड असण्यापलीकडे काही ठाऊक नव्हते. मग एके दिवशी कुऱ्हाडी आल्या. पहिला घाव घोट्यावर बसला. मी कोसळलो तेव्हा माझ्याखाली लहान झाडे चिरडली. त्यांचा आवाज मला आजही आठवतो. साखळदंडाने बांधून बैलांनी मला घाटातून ओढले. दगडांनी माझी साल ओरबाडून काढली. पुढे सुताराच्या अड्ड्यावर करवतीने माझ्या चारही बाजू उतरवल्या, वाकसाने मला तासले, पटाशीने माझ्या माथ्याशी केळफुले कोरली आणि पोटावर कमळ उमलवले. त्या सुतारांना मी वैरी समजत होतो. माडी उभी राहिली, उन्हे खिडकीतून आत आली आणि माझ्या कमळावर पडली, तेव्हा माझा राग गेला. घडवणाऱ्याच्या आणि मोडणाऱ्याच्या हातात हत्यार एकच असते, मित्रांनो. घडवणारा वेळेवर थांबतो, एवढाच फरक.

माझ्या डोक्यावर तुळई आली, तुळईवर लाकडी कड्याफळ्यांचा कडीपाट आला आणि त्याच्यावर धाबे, म्हणजे मातीचे जाड, सपाट छप्पर. मी हललो नाही. माझ्यासमोर दरवाजाची चौकट होती, तिच्यावर वेलबुट्टी होती. आम्ही दोघे एकाच झाडाचे. ती येणाऱ्याला आत घेई आणि मी आलेल्याला सावरून धरी.

नीरेच्या कालव्याचे पाणी शिवारात खेळू लागले आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. सांगवीच्या हिंदुरावांनी त्या उसाच्या जोरावर ही वखार आणि वरची माडी विकत घेतली. त्यांची पत्नी द्वारकाबाई प्रथम माडी चढून आली तेव्हा तिने इकडेतिकडे पाहिले नाही. सरळ माझ्यापाशी आली, तळहाताने माझी धूळ पुसली आणि म्हणाली, "ह्यो घरचा मानूस हाय. ह्याला खिळा मारायचा न्हाय." ती माडीवर होती तोवर मला खिळा लागला नाही. दर दिवाळीला जवसाचे तेल लागले. बाजाराला आलेले पाहुणे मला टेकून बसत आणि माझी तारीफ करीत. तारीफ मला आवडत असे. खोटे कशाला बोलू?

मग तो गुरुवार आला. बाजार उठला होता, पेठेत दिवे लागत होते. तोंडाला फडकी बांधलेली माणसे जिन्यावरून वर आली. हिंदुराव जिन्याच्या तोंडाशी आडवे झाले. त्यांच्या हातात साधी वेताची काठी होती. काठी पहिल्याच वाराला तुटली, दुसरा वार त्यांच्या मानेवर बसला. त्यांचे रक्त पायरीपायरीने खाली गेले. द्वारकाबाईने लहान मोहनला मागच्या खोलीत ढकलले, कडी घातली आणि ती माझ्याआड उभी राहिली. तिच्या डोक्यावर उगारलेली कुऱ्हाड माझ्यात शिरली. ती इतकी खोल गेली की त्या माणसाला उपसता आली नाही. तो पाय माझ्या अंगाला लावून ओढत राहिला आणि मी सोडली नाही. तेवढ्यात पेठ जागी झाली. लोक मुसळे आणि दांडकी घेऊन धावले. दरोडेखोर माळवदावरून पळाले. कुऱ्हाड मात्र माझ्यातच राहिली. पोलिसाने येऊन ती काढली तेव्हा माझ्या अंगावर हातभर खोक पडली होती.

लोक सांत्वनाला आले. द्वारकाबाई त्यांच्यासमोर रडली नाही. तिने त्या खोकेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "ह्यो घाव माजा हाय. ह्यानं घेतला."

त्यानंतर ऊस, पाण्याची पाळी, गुऱ्हाळ, सगळे तिच्यावर आले. ती सांगवीला शेतात राहू लागली आणि माडी भाड्याने गेली. माझे वाईट दिवस आले. भाडेकऱ्यांनी माझ्या अंगावर हिरवा तेलरंग फासला. माझ्याच अंगात खिळे ठोकून दोऱ्या ताणल्या आणि त्यांवर ओली धोतरे वाळत घातली. माझ्या पायाशी शेगडी पेटवली. धुराने माझी केळफुले काळी पडली, रंगाखाली कमळ बुजले. वर धाब्यातून पाणी झिरपून मागचे दोन खांब आतून कुजले. ते कण्हत होते. ऐकणारे कुणी नव्हते.

एकोणीसशे पस्तीसच्या सुमारास मोहनराव शिकून पुण्याहून परतले. त्यांच्या लग्नाचे बोलणे इंदापूरच्या एका घरी चालले होते, आणि पाहुण्यांना बसवायला माडी नवी करायची असे ठरले. भाडेकरू गेले. मायलेक माडी पाहायला आले. त्यांचे बोलणे मी शब्दन् शब्द ऐकले.

"आई, वरची माती उतरवू, मंगलोरी कौलं घालू," मोहनराव म्हणाले. "खाली शहाबादी फरशी. मागची भिंत आन् कुजके खांब काढून लोखंडी गर्डर टाकू. आन् ह्यो मधला खांबबी काढू. पाहुना बसला की यजमान दिसत न्हाय."

"यजमानाला चांगलं बोलता येत असलं तर तो दिसायची गरज न्हाय."

"पुन्यात आता मधी खांब ठेवत न्हाईत."

"पुन्यात काय ठेवत्यात ते पुन्याला इचार. हितं मी हाय." तिने नखाने माझ्यावरचा हिरवा रंग खरवडला. खालून साग दिसला. "कौलं घाल, फरशी घाल, गर्डर घाल. ह्यो खांब, ही चौकट आन् कडीपाट, ह्याला धक्का लागायचा न्हाय. जुनं काढल्याबिगर नवं हुत न्हाय असं समजू नगंस. धुऊनबी नवं हुतं."

मोहनराव हसले. "बरं. तुजा खांब तुला. पर पाहुना डोकं आपटंल तर मला बोलायचं न्हाय."

"आपटू दे. त्येच्या डोक्याची पारखबी हुईल."

कामाचा ताबा सावळाराम मिस्त्रींकडे होता. ते हिंदुरावांच्या वेळचे सुतार. त्यांनी सोड्याच्या गरम पाण्याने आणि काथ्याने माझा तेलरंग काढला. अंग सोलल्यासारखे झाले, तरी मी आनंदाने सोसले. खिळे एकेक करून उपसले, भोकांत सागाच्याच खुंट्या बसवल्या. काळी केळफुले उजळली. खोक बुजवू का, असे त्यांनी विचारले तेव्हा द्वारकाबाईने नुसती मान हलवली. माझ्या अंगावर पुन्हा जवसाचे तेल आले. मित्रांनो, इतकी वर्षे हेळसांड सोसल्यावर असा हात अंगावरून फिरला की लाकडालाही भरून येते.

पाडकामाला दगडफोड्यांची टोळी सांगितली होती. म्होरक्या बिरू आणि त्याचा धाकटा भाऊ भीमा. खाणीत त्यांचा हात कुणी धरत नसे. ते यायचे त्या दिवशी सावळाराम गर्डर उतरवून घ्यायला पहाटेच स्टेशनावर गेले. द्वारकाबाईला सांगवीला गुऱ्हाळ पेटवायचे होते. निघण्याआधी तिने स्नान केले, माडीवर आली आणि माझ्या कमळाला हळदकुंकू लावले, चौकटीलाही लावले. तिच्या घरी राखायच्या वस्तूला असाच मान देत. गाय विकायची नसली की तिला कुंकू, बियाणे खायचे नसले की त्या कणगीला कुंकू. आता कुणी आपल्याला हात लावणार नाही, असे तिच्याइतकेच मलाही वाटले. ती छकड्यात बसून गेली.

बिरू आणि भीमा वर आले; टोळीतले बाकीचे अजून यायचे होते. मोहनराव खाली वखारीत चुन्याच्या गाड्या मोजून घेत होते.

"भीमा, हितं बघ," बिरू म्हणाला. "कुंकू लागलंय. आईसाबांनी आदीच मान दिलाय."

"म्हंजे ह्याच्यापसनं धरायचं."

"व्हय. पर काय देखना हाय रं. जिवावर येतंय."

"तुला दगडाचीबी कीव येती. लगनात वैनीऐवजी तूच रडला असशील."

"ती रडली. मी नुसतं डोळं पुसलं."

मुलांनो, आता नीट ऐका. खाणीतल्या माणसांची रीत वेगळी होती. जो दगड फोडायचा त्याला मालकिणीने आधी हळदकुंकू लावायचे, मग म्होरक्याने पाया पडून त्याची परवानगी मागायची, आणि मगच घण घालायचा. कुंकवाशिवाय ते कशालाही हात लावत नसत. कुंकू दिसले की थांबत नसत. बिरूने फेटा काढला, माझ्या पायाशी डोके टेकले आणि म्हणाला, "बाबा, पोटासाठी करतूय. राग धरू नगंस." इतक्या मायेने माझ्याशी कुणी बोलले नव्हते. मग तो उठला आणि त्याने घण घातला.

माझ्या तळाशी पहार शिरली. खुंटीचा जोड कडाडला. घणाचा दुसरा घाव, तिसरा घाव, माझे कमळ उभे चिरले. मी पाय रोवून होतो, पण लोखंडापुढे लाकडाचा हट्ट किती चालणार? तुळईला त्यांनी बाभळीचा एकच टेकू दिला होता. खाण वरून उघडी असते, तिथे डोक्यावर आभाळच असते. वर पाहायची त्यांना सवयच नव्हती. माझा पाय जागेवरून सुटला. टेकू काडीसारखा मोडला, तुळई हातभर खचली आणि वरच्या धाब्याची माती कडीपाटाच्या कडेच्या फटीतून गर्जत खाली आली. मी तिरपा होऊन भिंतीकडे सरकलो. भिंत आणि मी यांच्यामध्ये बिरूचा पाय होता. हाड मोडल्याचा आवाज माझ्या अंगातून गेला.

बिरू ओरडला. धुळीत काही दिसत नव्हते. माझा माथा अजून तुळईखाली अडकलेला होता. मी आणखी वीतभर सरकलो असतो तर तुळई सुटून बिरूच्या छातीवर आली असती. ते भीमाला कळले. त्याने पाठ भिंतीला लावली, दोन्ही हात माझ्यावर रोवले आणि मला थोपवून धरले. तो नुकताच मिसरूड फुटलेला पोरगा होता. त्याच्या मनगटाच्या शिरा तटतटल्या होत्या.

मोहनराव काठी घेऊन धावत वर आले. त्यांना खचलेली तुळई दिसली, चिरलेले कमळ दिसले. मातीच्या ढिगाआडचा बिरू त्यांना दिसला नाही.

"खांबाला हात लावायला कुनी सांगितलं रं तुला?" आणि काठी भीमाच्या खांद्यावर बसली.

"मालक, भाऊ हाय खाली—"

दुसरी कपाळावर बसली. रक्त डोळ्यांत उतरले. भीमाला हात वर करता येईना, रक्त पुसता येईना, बाजूला होता येईना. मला सोडले असते तर मार चुकला असता आणि भाऊ गेला असता. तिसरी बसली. त्याचे रक्त माझ्या अंगावर पडत होते आणि तो माझ्यावरचे हात काढत नव्हता. मित्रांनो, मी खांब आहे. मला हात नाहीत. त्या दिवशी ते नसल्याचे मला फार दुःख झाले.

सांगवीच्या वाटेवर छकड्याचा आस मोडला म्हणून द्वारकाबाई अर्ध्यातून परत फिरली होती. ती जिना चढून वर आली. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले.

"मोहन, काठी खाली."

"आई, ह्यांनी तुजा खांब—"

"काठी खाली म्हनलं मी."

काठी खाली आली. "इचार ह्यांना, कुनाच्या हुकमानं फोडला ते," मोहनराव धापा टाकत म्हणाले.

भीमा दात आवळूनच बोलला, "कुंकू तुमीच लावलंसा न्हवं, आईसाब? आमच्यात लावलं की फोडायचा."

मातीच्या ढिगाआडून बिरूचे कण्हणे आले. द्वारकाबाईने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. बोटाला सकाळचे कुंकू अजून होते.

"आमच्यात लावलं की राखायचा," ती म्हणाली. मग लेकाकडे वळली. "कुंकू मी लावलं, मोहन. तोंडानं सांगायला जीभ व्हती, ती वापरली न्हाय. आता ऱ्हायलेल्या काठ्या मला मार. न्हायतर त्या पोराशेजारी हुबा ऱ्हा आन् हात लाव."

मोहनराव भीमाशेजारी उभे राहिले. ज्याला मारले त्याच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी मला रेटून धरले. दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते.

खाली गर्डरची गाडी आली होती. सावळाराम धावत वर आले, खाली वाकले, वर पाहिले.

"वैनी, खांब साबूत निघंल," ते म्हणाले. "तुळईखाली नवं टेकू देऊन पाचरी मारत मारत वर उचलायची. पर सांज हुईल."

"आन् ह्याचा पाय?"

"पाय काळा पडाया लागलाय. सांजंपातुर न्हाय टिकायचा."

"दुसरं?"

"तुळईला टेकू देतो, आन् खांब मधनं कापतो. घटकाभरात सुटंल." ते थांबले. माझ्या अंगावरच्या जुन्या खोकेवर त्यांनी हात ठेवला. करवत घालायला नेमकी तीच जागा सोयीची होती. "घाव वाचवून कापू का? जरा येळ लागंल."

"मानूस वाचवून काप."

तिने दुसरा विचार केला नाही. मुलांनो, हे लक्षात ठेवा. मी तिचा जीव राखला होता, आणि मला राखण्यासाठी ती स्वतःच्या लेकाशी भांडली होती. मला ते वाक्य लागले, हे मी नाकारत नाही. पण तिने दुसरे काही म्हटले असते तर मी त्याच क्षणी मान टाकली असती.

टेकू लागले, ते गाडीवानांनी धरून ठेवले. करवत दुहाती होती आणि दुसरे टोक धरायला हात मोकळे कुणाचेच नव्हते. द्वारकाबाईने पदर खोचला, गुडघा टेकला आणि दुसरे टोक स्वतः धरले. "वढा, मिस्त्री." करवतीचे दात माझ्यात शिरले. झाड असताना जे सोसले त्याहून हे वेगळे होते, कारण आता मला माणसे ओळखू येत होती. भुसा तिच्या केसांवर, पापण्यांवर पडत होता. ती एकदाही थांबली नाही. तिच्या हाताला फोड आले, ते फुटले. शेवटी माझ्या मधोमध कडकन आवाज झाला आणि मी दोन झालो.

माझा खालचा भाग चौघांनी उचलला. बिरूला ओढून बाहेर काढले. हाडवैद्याने पाय बांधला. पाय राहिला, जरा आखूड झाला. भीमाच्या कपाळाला टाके पडले. मोहनरावांनी त्याला स्वतः गाडीत घालून नेले. वाटेत दोघे काय बोलले, ते मला ठाऊक नाही, कारण मी माडीवर पडून होतो.

माझ्या जागी गर्डर आला. दिवाणखाना मोकळा झाला. मोहनरावांना जे हवे होते ते मिळाले, आणि त्यांनी त्याचा कधी उल्लेख केला नाही. चौकट आणि कडीपाट अजून राहिले होते. दुसऱ्या दिवसापासून द्वारकाबाई रोज सकाळी माडीवर येई, सगळ्या गड्यांना ओळीने उभे करी आणि बोट दाखवून मोठ्याने सांगे, "ही चौकट ऱ्हानार. ह्यो पाट ऱ्हानार. ती भिंत जानार." मग प्रत्येकाकडून ते म्हणवून घेई. एक गडी एकदा हसला. तिने त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतले. काम संपले तेव्हा चौकटीचे एक पानही तुटले नव्हते.

माझा वरचा भाग फाटला होता, तो सरपणाला गेला. खालच्या भागाचा तिने माडीच्या दाराला उंबरा करून घेतला. आयुष्यभर मी उभा होतो; आता आडवा आहे आणि लोक माझ्यावरून जातात. सुरुवातीला हे मला मानहानीचे वाटले. उंच उभ्या असणाऱ्याला तसे वाटतेच.

बिरू पुढे कित्येक वर्षे वखारीत कामाला होता. माडीवर यायचा तेव्हा त्याचा आखूड पाय माझ्यावर घासला जाई. रोज घासून घासून तिथे एक गुळगुळीत खळगा पडला आहे. तुमच्यापैकी कुणी आले तर हाताने चाचपून पाहा.

मित्रांनो, जुन्या वस्तू राखा. मनात माया आहे म्हणून त्या राहतील, अशा भरवशावर बसू नका. तुमच्या मनातले दुसऱ्याला दिसत नाही. तुमची खूण त्याच्या घरी उलट अर्थाची असू शकते. जे राखायचे आहे त्याचे नाव घ्या, मोठ्याने घ्या, ऐकणाऱ्याला परत म्हणायला लावा. आणि कधी वस्तू आणि माणूस यांतले एकच राखता येत असेल, तर करवतीचे एक टोक स्वतः धरा. ते काम दुसऱ्यावर ढकलू नका.

आता उठा. जाताना माझ्यावर पाय द्यायला संकोच करू नका. मी त्यासाठीच आहे. फक्त आपटू नका.